ज्युरीतल्या माई

माई,

तुम्ही गेल्यापासून या घरात नीट भांडण झालेलं नाही. तुमच्या लेकीशी, अमृताशी घालून पाहिलं, पण तिला ते जमत नाही. एक तर ती लगेच "बरं, तुझं खरं" म्हणते, नाही तर उठून जाते. तुम्ही यातलं काहीच करायचा नाहीत. खुर्ची पुढे ओढून, चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसत तुम्ही म्हणायचात, "हं, मिलिंदराव, आता पुन्हा सांगा." आणि ते 'पुन्हा सांगा' ऐकलं की माझी निम्मी खात्री तिथेच गळून पडायची.

ॲरिझोनातल्या या चँडलरमध्ये मराठी माणसांची कमी नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या मागे आम्ही सगळे या वाळवंटात येऊन राहिलो. शनिवारी जमलो की घरांचे भाव, मुलांचे क्लास, कुणाचं ग्रीन कार्ड कुठे अडकलं, हेच चालतं. सासूशी 'राज्य मोठं की केंद्र मोठं' यावर चहा गार होईपर्यंत भांडणारा जावई त्या घोळक्यात मी एकटाच होतो. त्यातलाच संदीप म्हणायचा, "यार, तुझी सासू भारी आहे. माझी फक्त जेवलात का विचारते." तुम्हीही विचारायचात, पण भांडण संपल्यावर.

तुम्हाला आठवतं, आपलं पहिलं मोठं भांडण घड्याळावरून झालं होतं? तुम्ही नागपूरहून इथे कायमच्या राहायला आलात, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपण चौघं गाडीने उत्तरेला लाल डोंगर बघायला निघालो होतो. मी जीपची सफर बुक करून ठेवली होती आणि वेळेच्या बाबतीत मी कसा आहे ते तुम्हाला तोवर कळलं होतं. गाडीतल्या घड्याळाप्रमाणे मी वेळेआधी पोचलो, आणि तिकीटखिडकीतल्या बाईंनी सांगितलं की तुमची जीप कधीच गेली.

मी फोन काढला. फोन तासभर पुढे गेला होता आणि मला कळलंही नव्हतं. बाकी अमेरिका उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करते, ॲरिझोना करत नाही. इथे आधीच ऊन इतकं, की संध्याकाळ तासभर लांबवायची हौस कुणालाच नाही. पण तो डोंगराळ भाग नवाहो लोकांचा. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, आणि ते घड्याळ पुढे करतात. त्यांच्या प्रदेशाच्या मधोमध होपी लोकांचा प्रदेश आहे, आणि ते करत नाहीत. म्हणजे एका दिवसात, एकाच राज्यात, सरळ रस्त्याने जाताना घड्याळ पुढे, मागे आणि परत पुढे.

"हा काय देश आहे की काय आहे!" मी पार्किंगमध्ये ओरडलो. "वेळसुद्धा एक नाही!"

तुम्ही मात्र हरखून गेला होतात. "अजी, म्हणजे वेळ ठरवायचा हक्कसुद्धा वाटून घेतलाय यांनी? काय गंमत आहे हो!"

मागच्या सीटवरून ईरा म्हणाली, "आजी, इट्स जस्ट टाइम झोन्स."

"जस्ट नाही गं बाई," तुम्ही म्हणालात. "आपली वेळ आपण ठरवणं म्हणजे लहान गोष्ट आहे का?"

त्या खिडकीतल्या बाईंना तुमचं बोलणं कळलं नाही, पण तुमचा चेहरा कळला. त्यांनी आपल्याला पुढच्या जीपमध्ये बसवलं. लाल धूळ खात आपण त्या डोंगरांतून फिरलो. समोर इतकं सुंदर दिसत असताना आपण दोघं मात्र भांडत होतो. माझं म्हणणं, देश एक असेल तर नियम एक हवा. तुमचं म्हणणं, सगळं एकाच्या हातात दिलं आणि तो चुकला, तर सगळेच्या सगळे चुकतात. चार जणांना चार प्रकारे करू द्या, एखादा तरी बरोबर निघेल.

परतीच्या वाटेवर मी माझा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, "माई, याच देशात काही राज्यांनी माणसं गुलाम ठेवली होती. नंतर वेगळे नळ, वेगळ्या शाळा. आणि दर वेळी हेच सांगितलं की हा आमच्या राज्याचा प्रश्न आहे, तुम्ही लक्ष घालू नका. मग?"

मला वाटलं, जिंकलो. घर येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर निवडुंग बघत बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणालात, "मिलिंदराव, तुमचं कालचं बरोबर होतं. जमीन सगळ्यांची एकच हवी. ती कोणत्या राज्याने खणायची नाही. भिंतींना रंग मात्र ज्याचा त्याने द्यावा."

तोंडात फेस असताना मी विचारलं, "आणि जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे कोण ठरवणार?"

"तेच तर भांडण आहे," तुम्ही खूश होऊन म्हणालात. "ते चालू आहे तोवर बरं चाललंय समजा."

हे सगळं तुम्ही पुस्तकातून शिकला नव्हतात. तुमची आयुष्यभराची नोकरी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. पण त्याच्याही आधी, लग्न झाल्या झाल्या, तुम्ही अमेरिकेतल्याच ॲन आर्बरला चार हिवाळे काढले होते. अमृताचे बाबा तिथे संशोधन करत होते. तुम्ही एकट्या बसने फिरायचात, बर्फात पाय रुतवत ग्रंथालयात जायचात, कारण तिथे हीटर असायचा आणि कुणी उठवायचं नाही. अमृता तिथेच जन्मली. बाबांचं काम संपलं, तुम्ही तिघं नागपूरला परतलात, आणि ती अमेरिकेचा निळा पासपोर्ट घेऊन धंतोलीतल्या शाळेत मराठी कविता पाठ करत मोठी झाली.

"मी विचारलं होतं तिथल्या नर्सला," तुम्ही सांगायचात. "म्हटलं, आम्ही तर परके, मग ही तुमची कशी काय? ती म्हणाली, इथे जन्मली ना, मग झालं." तो नियम गुलामगिरी संपल्यावर राज्यघटनेत घातलेला आहे, आणि राज्यांना कायद्याचं समान संरक्षण द्यायला लावणारं वाक्यही त्याच दुरुस्तीत आहे, हे मी तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही माझा फोन दोन्ही हातांत धरून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचलीत. "म्हणजे माझी पोरगी आणि तुमची ती एक जमीन, एकाच ठिकाणची आहेत की हो!" पुढे टीव्हीवर त्या जन्माच्या हक्कावरच वाद सुरू झाले, तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. आवाज बंद करून बातम्या बघत बसलात. "आपल्या पोरीचं झालं," एवढंच म्हणालात, "पण आज दवाखान्यात असेल त्या बाईला कसं वाटत असेल?"

अमृतामुळे तुम्हाला इथे येता आलं, आणि पुरेशी वर्षं झाल्याबरोबर तुम्ही नागरिकत्वाचा अर्ज केलात. मी माझा ग्रीन कार्डवर निवांत होतो. अजूनही आहे. तुम्ही डाळ निवडता निवडता प्रश्नोत्तरं पाठ केलीत, आणि शपथेच्या दिवशी ती हिरवी इरकल नेसून फिनिक्सच्या फेडरल कोर्टात उभ्या राहिलात. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटतंय?" तुम्ही म्हणालात, "नागपूर कमी नाही झालं. हे वाढलं."

आणि मग आलं ते ज्युरीचं बोलावणं.

आमच्या ओळखीत कुणीही ज्युरीवर बसलेलं नव्हतं. बोलावणं आलं की सगळे एकमेकांना सुटायच्या युक्त्या विचारतात. संदीपने तुम्हालाही सांगितलं, "मावशी, इंग्रजी येत नाही म्हणा, सोडतात." तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत, की त्याने हातातला लाडू खाली ठेवला.

"आयुष्यभर आपण म्हणतो, सरकार ऐकत नाही," तुम्ही म्हणालात. "आता सरकार स्वतः विचारतंय, बाई, तुला काय वाटतं? आणि मी खोटं बोलून घरी येऊ?"

तुमची निवड झाली. आठ जणांत तुम्ही एक. तुम्ही सकाळी डबा घेऊन जायचात, संध्याकाळी यायचात, आणि आल्यावर काही सांगायचा नाहीत. न्यायाधीशांनी बजावलं होतं, खटला संपेपर्यंत घरीदारी त्यावर बोलायचं नाही. मला वाटलं होतं, तुम्हाला ते एक दिवसही जमणार नाही. दुकानात कांदे घेताना शेजारच्या बाईने काय घेतलं तेसुद्धा सांगणाऱ्या तुम्ही!

"काय झालं आज?" मी विचारायचो.

"सावलीत पार्किंग मिळालं अमृताला."

"गुन्हा कसला आहे, एवढं तरी?"

"भाजी वाढू का?"

"बरं, आरोपी म्हातारा की तरुण?"

"मिलिंदराव," तुम्ही म्हणालात, "एक्स्चेंजमध्ये असताना अर्ध्या नागपूरची गुपितं या कानांवरून गेली. त्यातलं एक तरी सांगितलं का मी कधी?" आणि खरंच, नव्हतं सांगितलं. मी निमूट भाजी घेतली. पण तुमच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात असं काही तेज होतं, की अमृता म्हणाली, "आई कॉलेजात जात असल्यासारखी दिसतेय."

मग एका संध्याकाळी तुम्ही आलात, चप्पल काढलीत, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "झालं. आता विचारा."

मी खुर्ची पुढे ओढली. आता इथे माझ्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच्या थोडं आधी माझ्या गाडीच्या खालून धूर शुद्ध करणारा तो भाग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कुणीतरी कापून नेला होता. त्यात महागडे धातू असतात, म्हणून चोर करवतीने कापून विकतात. सकाळी मी किल्ली फिरवली आणि गाडी अशी गर्जली, की शेजारचा कुत्रा कुंपणावरून उडी मारून गेला. दुरुस्ती होईपर्यंत मी ईराला त्याच गाडीने शाळेत सोडत होतो. ती रस्त्याच्या कोपऱ्यावरच उतरायची. "बाबा, प्लीज, स्टॉप हिअर." चोराला काय करायला हवं याबद्दल मी तेव्हा रोज जेवताना जे बोलायचो, ते इथे लिहीत नाही. तुम्ही ऐकलंय.

"तुमच्या गाडीचं गेलं ना," तुम्ही म्हणालात, "तसल्याच चोरीचा खटला होता."

मी उभाच राहिलो. "आणि?"

"सोडला त्याला."

माई, त्या क्षणीचा माझा चेहरा तुम्ही पुढे कित्येकांना करून दाखवलात. सगळे हसायचे. मला तेव्हा हसू आलेलं नव्हतं.

तुम्ही सगळं क्रमाने सांगितलंत. निवडीच्या वेळी न्यायाधीशांनी विचारलं होतं, घरात कुणाच्या बाबतीत असा गुन्हा घडलाय का? तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "माझ्या जावयाच्या गाडीचा हाच भाग गेला. तो फार चिडलाय." कोर्टात हशा पिकला. "आणि तुम्ही?" न्यायाधीशांनी विचारलं. "मला वाईट वाटलं. चिडायचं काम तो करतो." "मग या तरुणाच्या बाबतीत तुम्ही निष्पक्ष राहू शकाल?" तुम्ही म्हणालात, "राहीन."

आरोपीच्या वकिलांना तुम्ही नको होतात, हे तर उघडच आहे. पण ॲरिझोनाने एक गंमत करून ठेवली आहे. इतर बहुतेक राज्यांत आणि फेडरल कोर्टात वकिलाला काही माणसं कारण न देता वगळता येतात. इथे ती सोयच काढून टाकली आहे. पटेल असं कारण द्या, नाही तर बसू द्या. आणि इथे ज्युरीला साक्षीदाराला प्रश्नही विचारता येतात, चिठ्ठीवर लिहून. तुम्ही एक विचारलात, आणि न्यायाधीशांनी तो मोठ्याने वाचला: समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काय दिसलं ते कुणी पाहिलं का? साक्षीदार म्हणाला, नाही.

"बघा!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "तुमचा तो एक देश, एक नियम असता ना, तर मी पहिल्याच दिवशी घरी आले असते."

"म्हणजे माणसाला न्याय कसा मिळेल ते तो कुठे राहतो त्यावर ठरणार, आणि हे तुम्हाला चालतं?"

तुम्ही बोट वर केलंत. "त्याचं उत्तर उद्या देते." ते उद्या कधी आलं नाही, माई. हा हिशेब तुमच्याकडे राहिला.

मग तुम्ही खटला सांगितलात. एका दुकानांच्या संकुलाचं पार्किंग. तिथल्याच कॅमेऱ्यात टोपीवाला माणूस, पाठमोरा. जवळच्या रस्त्यावर पोलिसांनी या तरुणाचा ट्रक थांबवला, तर आत बॅटरीवरची करवत. चोरीचा भाग काही सापडला नाही.

"मग करवत कशाला बाळगत होता तो?" मी ओरडलो.

"सायलेन्सरच्या दुकानात काम करतो तो. तुम्ही लॅपटॉप कशाला बाळगता?"

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं? खरं सांगा. त्याने केलं?"

तुम्ही चष्मा काढलात. बराच वेळ पुसलात. "केलं असेलही."

"मग?"

"'असेलही'वर माणसाला तुरुंगात टाकत नाहीत, मिलिंदराव. त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, मनाची पक्की खात्री पटली तरच. माझी पटली नाही."

मी त्या दिवशी बरंच बोललो. म्हटलं, हे हक्कबिक्क सगळे चोरांच्या सोयीचे आहेत, ज्याचं जातं त्याला कोण विचारतो. तुम्ही म्हणालात, "तो चोर आहे हे ठरेपर्यंत ते तुमचेच हक्क आहेत." मी म्हटलं, माझ्यावर कशाला वेळ येतेय. तुम्ही ताक घुसळायला उठून गेलात. पुढचे काही दिवस आपण फक्त मीठ आणि लोणचं यांवर बोललो.

पण तुमच्याशी अबोला धरणं अवघड होतं. रविवारी तुम्ही माझ्या ताटात कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीचा मोठा तुकडा वाढलात आणि म्हणालात, "खा. मग भांडू." आणि आपण पुन्हा सुरू झालो, ते शेवटपर्यंत. शहरात कुठेही चोरी झाली, की मी बातमी तुम्हाला पाठवायचो. तुम्ही एका शब्दात उत्तर द्यायचात, "पुरावा?" एकदा ईराने फ्रीजमधली बर्फी संपवली म्हणून मी तिला रागावलो, तर तुम्ही खोलीतून ओरडलात, "पाहिलं का कुणी?" ईरा म्हणाली, "थँक यू, आजी!" बर्फी तिनेच खाल्ली होती. ते तुम्हालाही माहीत होतं.

बाकीच्या सात जणांशी तुमची दोस्तीच झाली. खटला संपल्यावर दर वर्षी तुम्ही सगळे एका पॅनकेकच्या हॉटेलात नाश्त्याला भेटायचात. मी तुम्हाला सोडायला यायचो, पण आत यायला तुमची परवानगी नसे. "ज्युरीचं आहे," तुम्ही ऐटीत म्हणायचात आणि तुमच्या त्या छोट्या पर्ससकट आत जायचात. काचेतून दिसायचं: एक नर्सबाई, एक कॉलेजचा मुलगा, एक उंच गृहस्थ हॅट घातलेले, आणि मध्ये तुम्ही, हात हलवत काहीतरी सांगताय.

त्या खोलीत कोण काय म्हणालं, ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. खटल्यानंतर सांगायला मनाई नव्हती, तरी नाही. "आठ जणांचा एक निकाल. त्याच्या आतलं आठ जणांचं," एवढंच. मी आपला अंदाज बांधून टाकला होता. तुमचा कनवाळू स्वभाव मला माहीत होता. मी पार्ट्यांमध्ये रंगवून सांगायचो, "सगळे त्याला आत टाकायला निघाले होते. माझ्या सासूने एकेकाला फिरवलं." तुम्ही शेजारी बसून ऐकायचात आणि गालातल्या गालात हसायचात. ते हसू मला मान डोलावल्यासारखं वाटायचं.

परवा तुमच्यासाठी सगळे जमले, ते बागेतल्या छपराखाली. फेब्रुवारीतली सकाळ, ऊन कोवळं, मागे संत्र्याच्या झाडांना फुलांचा वास सुटलेला. अमृताने ठरवलं होतं की कुणी भाषण करायचं नाही, सगळ्यांनी खायचं आणि तुमच्याशी झालेलं एकेक भांडण सांगायचं. माणसांची रांग लागली होती, माई. ग्रंथालयातल्या बाईंशी तुम्ही दंडावरून भांडलात. मंडळातल्या काकूंशी गणपतीच्या वर्गणीवरून भांडलात. संदीपने लाडवाचा किस्सा सांगितला, आणि म्हणाला की त्यानंतर त्याला ज्युरीचं बोलावणं आलं तेव्हा तो मुकाट गेला. सगळ्यांनी मिळून सांभारवडी करायचा प्रयत्न केला होता. तुमच्यासारखी झाली नव्हती. तरी सगळी संपली.

मग ते उंच हॅटवाले गृहस्थ माझ्याकडे आले. वॉल्टर नाव त्यांचं. आयुष्यभर ट्रक चालवला, आता निवृत्त. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे तूच तो जावई. रागीट."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"आम्हा सगळ्यांना माहीत आहेस तू. त्या खोलीत पहिला तासभर आम्ही तुझ्याबद्दलच बोलत होतो."

मला काही कळेना. वॉल्टरनी हॅट काढून टेबलावर ठेवली. "तुला तिने सांगितलं नाही? पहिल्यांदा मतं घेतली, तेव्हा आम्ही सात जण सोडून द्या म्हणालो होतो. एकटी ती 'दोषी' म्हणाली."

"माई?"

"हो. ती म्हणाली, माझ्या घरी एक माणूस आहे. सज्जन आहे, कष्टाळू आहे, त्याच्या गाडीचं कुणीतरी असंच नुकसान केलं, आणि त्याला विचारायला कुणी आलं नाही. त्याच्या बाजूने या खोलीत कुणीतरी बोललं पाहिजे. आणि ती बोलली. भारी बोलली. आमच्यातले दोघं जवळजवळ फिरलेच."

मी छपराच्या खांबाला धरून उभा होतो. अमृता लांबून बघत होती, काय झालं म्हणून.

"मग?" मी विचारलं.

"मग ती चष्मा पुसत बसली. आणि म्हणाली, आता मला एकदा उलटं करून बघू द्या. समजा, त्या आरोपीच्या खुर्चीत माझा जावई बसलाय. त्याच्या गॅरेजमध्ये करवत आहे. टोपी पण आहे. पाठमोरा तो अगदी तस्साच दिसतो. एवढ्या पुराव्यावर त्याला नेऊ देईन का मी? आणि तीच म्हणाली, नाही देणार. मी दारात आडवी पडेन. आणि मग तिने आपलं मत बदललं."

वॉल्टरनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली. "मी नंतर दर वर्षी तिला विचारायचो, सांगितलंस का त्याला? ती म्हणायची, त्याला वाद घालायला आवडतं, राहू दे."

मी हसायला लागलो, माई. सगळ्यांसमोर, मोठमोठ्याने, आणि थांबताच येईना. ईरा धावत आली. "बाबा, व्हॉट हॅपन्ड? व्हाय आर यू क्रायिंग?" मी तिला बाकावर शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, मराठीत, पहिल्यापासून.

म्हणजे त्या खोलीत माझी बाजू लढवणारी एकच व्यक्ती होती, आणि ती तुम्ही होतात. आणि ती बाजू तुम्ही सोडलीत, तीही माझ्याचसाठी.